दुसऱ्या इंजिनाचा भाव

गटारात उतरायला आमच्याकडे कुणी फी मागितली नाही. मैला उचलायला बारावीचं फिजिक्स-मॅथ्स लागलं नाही, डॉक्टरचा दाखला लागला नाही, तारण तर कुणी विचारलंच नाही. ह्या देशात खाली जायचे सगळे रस्ते आम्हाला फुकट आहेत, पिढ्यान् पिढ्या फुकट. भाडं लागतं ते वर जायला. आज मी सगळ्यात वरचं भाडं सांगणार आहे : विमानाच्या कॉकपिटचं. आकड्यांतच सांगणार आहे. 'तुम्हाला नाही' असं पूर्वी तोंडावर सांगायचे. आता कोटेशन हातात देतात.

मी शिरोड्याचा. वेंगुर्ले तालुका, जिल्हा सिंधुदुर्ग. तेच शिरोडं, जिथं मे १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. तेच शिरोडं, जिथल्या शाळेत वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत मास्तर होते. गावाबद्दल कुणीही ही दोनच वाक्यं बोलतो. मिठागरात खाऱ्या पाण्यात पाय कुजवत कोण उभं होतं, रेडीच्या खाणीची लाल माती कुणाच्या फुप्फुसात गेली, ते तिसरं वाक्य कुणी बोलत नाही. बोललात तर म्हणतात, आता कुठाय जात?

आता गावाच्या दोन्ही बाजूंना विमानतळ आहेत. उत्तरेला चिपी, ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन झालेला, अडीच किलोमीटरची धावपट्टी. पूर्वेला गोव्याच्या हद्दीत मोपा, डिसेंबर २०२२ चा. मोपाच्या पठारावरून धनगरांची घरं उठली. समुद्रावरून मोपाला उतरणारी विमानं आमच्या वाडीतून दिसतात. माझी आजी मान वर करून विचारते, "झिला, ह्या इमान चलवता कोण?" मी सांगतो, ज्याचा बाप साठ लाख मोकळे करू शकतो तो.

मी मुंबईच्या विमानतळावर लोडर आहे. विमानाच्या पोटात गुडघ्यावर बसून बॅगा रचतो. केबिन झाडणारी पोरं-बाया, संडासाची टाकी उपसणारी गाडी, रात्रपाळीला बॅगांचा डबा ओढणारा ड्रायव्हर, ह्यांची आडनावं कधीतरी विचारून बघा. मग पायऱ्या चढून पुढच्या दोन खुर्च्यांतली आडनावं विचारा. एकाच विमानात अख्खा गावगाडा बसलेला आहे. फक्त वेस आता आडवी नाही, उभी आहे.

माझी धाकटी बहीण बारावी सायन्स, फिजिक्स-मॅथ्स घेऊन पास. कमर्शियल पायलट लायसन्ससाठी २०० तास उडावं लागतं. बहुतेक शाळांचं गणित असं : १८५ तास एका इंजिनाच्या विमानावर, शेवटचे १५ तास दोन इंजिनांच्या. बहिणीचे १८५ झाले. लेखी पेपर झाले, हवामानाचा, दिशाशास्त्राचा, नियमांचा. वर्ग एकचं मेडिकल झालं. आणि त्या शेवटच्या १५ तासांच्या दारात ती आज अकरा महिने उभी आहे.

हे १५ तास म्हणजे काय, ते समजून घ्या. आपल्या पोरांना हे कुणी समजावतच नाही, म्हणून सविस्तर सांगतो. लायसन्स एका इंजिनावरही मिळतं. पण ते फ्रेम करून भिंतीवर लावायचं. एअरबस ३२० असो, बोइंग ७३७ असो, नाहीतर लहान गावांना जाणारं एटीआर असो, सगळ्यांना इंजिनं दोन. त्यामुळे मल्टी-इंजिन रेटिंग आणि त्याबरोबर ढगात नुसत्या घड्याळांवर विमान चालवायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग नसेल तर विमान कंपनी अर्जाकडे बघत नाही. म्हणजे १८५ तासांचे सगळे पैसे त्या १५ तासांवर टांगलेले.

त्या तासांत शिकवतात काय? दोन इंजिनं चालू असताना विमान सरळ जातं, त्यात काही विशेष नाही. शिकवतात ते एक इंजिन मेल्यावर काय करायचं ते. इन्स्ट्रक्टर न सांगता एका बाजूचा थ्रॉटल मागे ओढतो. चालू इंजिन आपली बाजू पुढे रेटतं आणि विमानाचं नाक मेलेल्या इंजिनाकडे वळायला लागतं. पायाने उलट्या बाजूचा रडर दाबून ते सरळ ठेवायचं. कुठला पाय रिकामा राहिला ते बघायचं. रिकामा पाय ज्या बाजूचा, मेलेलं इंजिन त्या बाजूचं. मग त्याचा पंखा फेदर करायचा, म्हणजे पाती वाऱ्याला समांतर करायची, नाहीतर तीच पाती ब्रेक होऊन विमान मागे ओढतात. वेग दाखवणाऱ्या घड्याळावर एक लाल रेघ असते. वेग तिच्या खाली गेला तर कितीही रडर दाबा, विमान ताब्यात राहत नाही. एक निळी रेघ असते. एका इंजिनावर विमान जास्तीत जास्त वेगाने वर चढतं ते त्या वेगाला. आणि एक इंजिन गेलं की ताकद अर्धी जाते, पण वर चढायची क्षमता अर्ध्यावर थांबत नाही, ऐंशी टक्क्यांच्या आसपास जाते.

हे ऐकलं तेव्हा मी बहिणीला म्हटलं, हे आपल्या घराला आधीपासून येतं. आमच्या घराला इंजिन एकच, बापाचा पगार. तेही रिटायर झालं.

आता भाव. बहिणीच्या शाळेने दोन इंजिनांच्या विमानाचा तासाचा दर सांगितला ४५ हजार. १५ तासांचे ६ लाख ७५ हजार. परीक्षकाची फी, लँडिंगचे पैसे, हॉस्टेल, मेस वेगळं. शाळेकडे दोन इंजिनांचं विमान एकच. ते दुरुस्तीला गेलं की रांग थांबते. रांग थांबली तरी हॉस्टेलचं भाडं थांबत नाही. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत ठराविक तास उडालेले लागतात, म्हणजे जास्त खंड पडला की जुने तास शिळे, पुन्हा उडा, पुन्हा पैसे. पैसेवाल्याच्या पोराला उशीर म्हणजे कंटाळा. आमच्या पोरीला उशीर म्हणजे कर्ज.

आधीच्या १८५ तासांत बापाचा फंड आणि ग्रॅच्युइटी गेली. बाप पालिकेच्या झाडू खात्यात तेहतीस वर्षं होता. त्याने झाडलेला प्रत्येक रस्ता बहिणीच्या लॉगबुकात तास-मिनिटांनी लिहिलेला आहे. आईचं होतं ते मंगळसूत्र गेलं. माझ्या नावावर पर्सनल लोन आहे. आता एका बँकेत शैक्षणिक कर्ज मागायला गेलो. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकांच्या नमुना योजनेत तारण लागत नाही. पण मॅनेजर म्हणाला, तुमचं आधीच एक कर्ज चालू आहे, तारण दाखवा. गावचा सातबारा दाखवला. त्यावर एकेचाळीस नावं. तो हसला. "ह्याच्यात तुमचं काय?" अहो साहेब, हाच तर प्रश्न घेऊन आमच्या बापजाद्यांनी जन्म काढला. खोतीविरुद्धचं बिल बाबासाहेबांनी १९३७ साली मुंबईच्या कायदेमंडळात मांडलं, ते ह्याच कोकणासाठी. जमीन तेव्हा दिली नाहीत आणि आज तारणाला जमीन मागता!

आता कुणी शहाणा म्हणेल, तुम्हाला स्कॉलरशिप असते की. असते. कागद बघू या.

भारत सरकारची पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती. तिच्या अभ्यासक्रमांच्या यादीत पहिल्या गटात, डॉक्टर-इंजिनियरच्या शेजारी, कमर्शियल पायलट लायसन्स आहे. कंसात स्पष्ट लिहिलंय, हेलिकॉप्टर पायलट आणि मल्टी-इंजिन रेटिंगसह. म्हणजे दिल्लीच्या कुठल्यातरी बाबूला १५ तासांचं महत्त्व माहीत होतं. वाचून छाती भरून येते. मग पुढची ओळ वाचा. २०१० च्या नियमांत ह्या कोर्ससाठी रक्कम होती तासाला ५ हजार रुपये, फार तर २०० तास. होस्टेलवर राहणाऱ्याला महिना १२०० रुपये भत्ता. करा हिशेब. २०० तासांचे १० लाख. आमच्या १५ तासांचे ७५ हजार, जिथे बिल ६ लाख ७५ हजारांचं. म्हणजे विमानाचा एक पंखा सरकार फिरवणार आणि बाकी विमान आम्ही खांद्यावर न्यायचं.

आणि ते ५ हजार तरी कुणाला? आई-बापाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल त्याला. २०२१ साली योजना नव्याने मांडली, ही अडीच लाखांची रेघ तिथेच राहिली. माझा बाप पालिकेत कायम कामगार. त्याचा पगार ह्या रेघेच्या वर. म्हणजे सरकारच्या लेखी झाडूवाला श्रीमंत. बँकेच्या लेखी तोच झाडूवाला कफल्लक. मधल्या जागेत आमची पोरगी. अडीच लाख कमावणाऱ्याने पन्नास लाखांचा कोर्स करायचा तर वीस वर्षं घरात चूल पेटवायची नाही. ही अट बनवणाऱ्याला भागाकार येत नव्हता असं मी मानत नाही. त्याला तो चांगला येत होता.

राखीव जागा? आहेत. अमेठी जिल्ह्यात फुरसतगंजला केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे, १९८५ सालची. तिथे राखीव जागा आहेत. पण अलीकडच्या वर्षांत तिचं शुल्क ४५ लाखांच्या घरात. राखीव जागा दार उघडते, तिकीट काढत नाही. खाजगी विमान कंपन्यांच्या कॅडेट योजना बघा, आकडा कोटीत जातो. आणि एअर इंडिया सरकारी होती तोवर तिथे आरक्षण लागू होतं. २७ जानेवारी २०२२ ला ती टाटांना दिली. ती एक खिडकीही बंद झाली.

इथे लगेच मेरिटवाले उठतात. विमान आहे, गंमत नाही, पायलट गुणवत्तेवरच हवा. कबूल, शंभर टक्के कबूल. मल्टी-इंजिनच्या परीक्षेत थ्रॉटल ओढला की विमान जात बघत नाही. रडर दाबता आला तर आला. आमची तक्रार परीक्षेबद्दल नाहीच. परीक्षेच्या खोलीपर्यंत पोचायच्या भाड्याबद्दल आहे. आणि मेरिटचा इतिहास काढायचा तर काढा. हिंदुस्थानातलं पहिलं वैमानिक लायसन्स जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ ला मिळालं, बॉम्बे फ्लाइंग क्लबात शिकून. माणूस निष्णात होता, नाकारायचं कारण नाही. पण ते क्लब उभे राहिले ते सरकारच्या अनुदानावर. म्हणजे ह्या देशात उडायची पहिली शिष्यवृत्ती श्रीमंतांनी घेतली. तेव्हा तिला कुणी खैरात म्हटलं नाही. 'विमानविद्येला उत्तेजन' म्हटलं.

आणि आज? चिपीसारख्या विमानतळांसाठी केंद्राची उडान योजना आहे, २०१६ सालची. तोट्यातल्या मार्गावर विमान कंपनीला सरकार तूट भरून देतं. म्हणजे रिकाम्या खुर्चीला अनुदान मिळतं. पायलटच्या खुर्चीवर दलिताची पोर बसवायची म्हटली की तिजोरी आठवते!

आता मला आपल्याच माणसांशी भांडायचंय. आमच्या अभ्यासवर्गात एक मित्र म्हणाला, शेतमजुराला मजुरी नाही, सेप्टिक टँकमध्ये पोरं गुदमरून मरताहेत आणि तुला विमानं सुचतात? हे मध्यमवर्गीय चोचले आहेत. मित्रा, तुझा राग खरा आहे, पण हिशेब चुकलाय. टाकीत मरणारा आणि कॉकपिटला न पोचणारा ही दोन माणसं नाहीत. एकाच घरातली आहेत. बापाला खालीच ठेवायचं म्हणून पोरीला वर जाऊ देत नाहीत. आपण नुसत्या मजुरीवर बोलत राहावं, हेच तर त्यांना हवंय.

बाबासाहेबांनी काय केलं ते बघ. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी सरकारला निवेदन दिलं. त्यात अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाचा पैसा मागितला, आणि तो विज्ञानासाठी, तंत्रशिक्षणासाठी मागितला. नुसत्या कला-कायद्याच्या पदव्यांनी आपलं भागणार नाही, हे स्वतः बॅरिस्टर असलेल्या माणसाने लिहिलं. १९४४ साली शिष्यवृत्ती सुरू झाली. आजची पोस्ट-मॅट्रिक ती हीच. देश दुष्काळात आणि युद्धात होता. तेव्हाही कुणीतरी म्हणालं असेल, आधी भाकरी. बाबासाहेबांनी भाकरीही मागितली आणि प्रयोगशाळाही. आणि त्यांना स्वतःला १९१३ साली बडोद्याने अमेरिकेला पाठवलं ते महिना साडेअकरा पौंड देऊन, तीन वर्षं. बोटीच्या पंख्यापुरते पैसे देऊन नव्हे.

अमेरिकेचं नाव निघालंच आहे तर तिथल्या काळ्या भावांचं ऐका. बेसी कोलमनला अमेरिकेतल्या एकाही शाळेने शिकवलं नाही. ती फ्रान्सला गेली, १९२१ साली लायसन्स घेऊन आली. दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीला काळ्या पोरांना लष्कराने वैमानिक केलं, पण आधी एका इंजिनाच्या लढाऊ विमानांवर. दोन इंजिनांचं बी-२५ बॉम्बर त्यांच्या हातात द्यायला १९४३-४४ उजाडलं. त्या ४७७ व्या बॉम्बर गटाच्या पोरांना एप्रिल १९४५ मध्ये इंडियाना राज्यातल्या फ्रीमन फील्डवर गोऱ्या अफसरांच्या क्लबात शिरू दिलं नाही. वेगळ्या क्लबाच्या हुकुमावर सही करा म्हटलं. १०१ अफसरांनी सही नाकारली. अटक झाली, सही दिली नाही. दोन इंजिनांचं विमान चालवणारे हात होते ते, त्यांना माहीत होतं की एक बाजू बंद पडली तर उलट पाय किती जोरात दाबायचा.

आणि मार्लन ग्रीन. लष्करात मोठी विमानं उडवलेला माणूस. १९५७ साली कॉन्टिनेंटल कंपनीने काळा म्हणून घेतलं नाही. सहा वर्षं तो कोर्टात लढला. १९६३ साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्याच्या बाजूने निकाल दिला, १९६५ साली तो त्याच कंपनीचं विमान उडवायला लागला. म्हणजे रेटिंग हातात आलं तरी लढाई संपत नाही. आपल्याकडे जून २०२५ मध्ये एका दलित प्रशिक्षणार्थी वैमानिकाने तक्रार नोंदवली, की कंपनीच्या गुरुग्रामच्या ऑफिसात वरिष्ठांनी त्याला 'तू विमान चालवायच्या लायकीचा नाहीस, जा चपला शिव' असं सुनावलं. कंपनीने आरोप नाकारले. खरं-खोटं कायदा ठरवील. पण ते वाक्य वाचून आपल्यातल्या एकाला तरी नवल वाटलं का?

होत नाही असं नाही. ओडिशाच्या मलकानगिरीची आदिवासी मुलगी अनुप्रिया लाक्रा २०१९ साली पायलट झाली. बाप पोलीस हवालदार. केरळ सरकारने अनुसूचित जातीच्या मुलामुलींची पायलटची फी सरकारी पैशाने भरली. महाराष्ट्रातही महाज्योतीने ओबीसी, भटक्या-विमुक्तांच्या पोरांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबात पायलटचं शिक्षण काढलं. बरं केलं. म्हणजे पैसा आहे, रस्ता आहे, क्लब सरकारचा आहे. अडतं ते मागणाऱ्यांच्या आवाजापाशी.

म्हणून मागणी नेमकी करा. 'शिष्यवृत्ती वाढवा' अशी गोलमाल नको, गोलमाल मागणीला गोलमाल आश्वासन मिळतं.

एक : मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसकट पूर्ण २०० तासांचं खरं बिल सरकारने थेट शाळेला द्यावं. पोरांच्या हातात तुकडे नकोत.

दोन : ह्या कोर्सला अडीच लाखांची अट काढा. झाडूवाल्याला श्रीमंत ठरवणारी अट नको.

तीन : वैमानिकाच्या कर्जाला राज्याने स्वतः हमी द्यावी. भूमिहीनाकडे तारण मागणं हीच जातीयता आहे.

चार : सरकारने दोन इंजिनांची विमानं स्वतः विकत घ्यावीत आणि गर्दी नसलेल्या धावपट्ट्यांवर शिकवावं. गोंदिया, धुळे, बारामतीला शाळा आहेत, ठीक. चिपीची अडीच किलोमीटर डांबरपट्टी दिवसातला किती वेळ मोकळी असते, ते कधीही जाऊन बघा.

पाच : कंपन्यांनी कॉकपिटमध्ये किती दलित, किती आदिवासी, ते दरवर्षी छापावं. खुर्च्या दोनच आहेत, मोजायला वेळ लागणार नाही.

आणि तोवर? तोवर आपल्या हातात आहे ते करू. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करताना एका मंडळाने एका रात्रीत उडवलेले पैसे आणि दोन इंजिनांच्या विमानाचे चार-पाच तास ह्यांत मला फारसा फरक दिसत नाही. पुढारी कमान देतात, बॅनर देतात. त्यांना ह्या वर्षी एकच विचारा, तास किती देता? वरळी, विक्रोळी, चेंबूर, सगळीकडे विचारा. पायलट व्हायचं म्हणणाऱ्या पोराला कुणी हसलं तर हसणाऱ्याला गप्प करा. त्याला फिजिक्स-मॅथ्स घ्यायला लावा. मेडिकल आधी करून घ्यायला सांगा, नाहीतर फी भरल्यावर डोळ्यांत दोष निघतो. दोन इंजिनांच्या विमानाचा दर, आणि त्या शाळेकडे ती विमानं चालू किती, हे प्रवेशाआधी लेखी घ्यायला सांगा.

बहिणीचे १५ तास बाकी आहेत. त्यातला पहिला तास आमच्या वाडीने वर्गणी काढून जमवलाय, खाणीवरच्या, मिठागरातल्या, गोव्यात हॉटेलात भांडी घासणाऱ्या माणसांनी. ४५ हजार. दहा-दहा, वीस-वीसच्या नोटा. पावती शाळेकडून घेतलीय. उरलेले चौदा तास वर्गणीने नको आहेत. ते सरकारकडून वसूल करायचे आहेत.